सांबराचे शिंग : फीत आणि कायदा

आमच्या येळ्ळूरच्या घरात, देवघराशेजारच्या फडताळात, जुन्या फडक्यात गुंडाळलेले एक सांबरशिंग होते. लहानपणी खोकल्याने छाती भरली की आई ते सहाणेवर पाण्यात उगाळी आणि त्याचा लेप छातीला लावी. हे शिंग कुठून आले, असे आम्ही विचारले की आज्जा एकच गोष्ट सांगत.

१९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवसांत शहरातले एक परवानेवाले शिकारी खानापूरच्या रानात शिकारीला जात, आणि आज्जा तरुणपणी त्यांच्याबरोबर हाकाऱ्यांत असत. एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात सांबर पडले. शिकाऱ्याने खिशातून फीत काढून शिंगाला लावली, तोंड वाकडे केले आणि शिंगे तिथेच टाकून दिली. त्यांतले एक आज्जांनी उचलून आणले. गोष्ट संपवताना ते म्हणत, "फीत मेल्यावर लावून काय उपयोग, बाळा? आदी बघाय पाहिजे हुतं."

मी प्राणिशास्त्र शिकवतो. शिकारीच्या नियमांवर पुढे बरेच वाचले. पण त्या सगळ्याचे मर्म आज्जांच्या या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शिंग म्हणजे काय ते पाहू. मराठीत बैलाचेही शिंग आणि सांबराचेही शिंगच. कन्नडातही दोहोंना 'कोंबु' म्हणतात. पण शास्त्रदृष्ट्या या दोन वस्तू अगदी भिन्न आहेत. गाय, म्हैस, काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेली नखासारख्या पदार्थाची टोपी. ती जन्मभर टिकते व वाढत राहते. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र निखळ हाड असते आणि ते नरालाच येते. ते गळून पडते व पुन्हा नवे उगवते. उगवताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. वाढ पुरी झाली की ही कातडी वाळते आणि नर झाडांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. आपल्याकडे सांबराची शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गळतात, पावसाळ्यात नवी मखमलीत वाढतात आणि थंडीच्या तोंडाला टणक होतात. चितळाला असा ठराविक हंगाम नाही. मखमलीतला नर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकतो.

आता शिकारीचा नियम. माद्या व पोरवयाचे नर वाचावेत आणि पुरता वाढलेला नरच मारला जावा, हा शिंगांच्या मापाच्या नियमामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. अडचण अशी की जनावराचे वय कपाळावर लिहिलेले नसते, म्हणून माणूस शिंगावरून ते ताडू पाहतो. अमेरिकेत त्यासाठी फाटे मोजतात. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ साली नियम केला की एका बाजूच्या शिंगाला, विभागाप्रमाणे, किमान तीन किंवा चार फाटे असल्याशिवाय नर मारायचा नाही. त्यामुळे तिथले कोवळे नर पूर्वीपेक्षा अधिक संख्येने वाचू लागले.

हीच पद्धत आपल्या रानात लावून पाहा. पूर्ण वाढलेल्या सांबराला एका बाजूला तीन फाटे असतात आणि चितळालाही तीनच. त्यानंतर वय वाढले तरी फाटे सहसा वाढत नाहीत. शिंगाची लांबी आणि जाडी तेवढी वाढते. बारशिंग्याचे नावच फाट्यांवरून पडले आहे, पण तो आपल्या भागातला नव्हे. म्हणजे आपल्याकडे फाटे मोजून तरुण आणि प्रौढ यांतला भेद नीट कळणार नाही. लांबीच मोजावी लागेल, आणि तीही बुडापासून टोकापर्यंत बाहेरच्या वळणाने. पण झुडपाआड, तिन्हीसांजेला, दीडशे पावलांवर उभ्या असलेल्या जनावराच्या शिंगाला फीत कोण लावणार? परदेशी शिकारी शिंगांच्या पसाऱ्याचा अंदाज कानांच्या टोकांमधल्या अंतरावरून बांधतात. तरीही तो अंदाजच. खरे माप हाती येते ते जनावर पडल्यानंतर.

याहून खोल अडचण दुसरीच आहे. एकाच वयाच्या दोन नरांची शिंगे सारखी नसतात. चारा, आजार आणि आनुवंशिक गुण यांनी फरक पडतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने १९९५ साली दोन्ही शिंगांना मिळून किमान चार फाटे हवेत, असा नियम केला. काही वर्षांनी संशोधकांना आढळले की काही भागांत दोन-तीन वर्षांच्या नरांची शिंगे सरासरीने लहान झाली आहेत. कारण उघड आहे. कोवळ्या वयातच ज्यांना चांगली शिंगे फुटली ते नियमात बसले व मारले गेले. ज्यांची शिंगे खुरटी होती ते मागे राहिले. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात एका डोंगरावरच्या रानमेंढ्यांची सुमारे तीस वर्षांची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली. तेथेही ठराविक वळणाची शिंगे झालेला मेंढाच मारण्याची मुभा होती, आणि तेथेही पिढ्यांमागून पिढ्या शिंगे लहान होत गेली. शेतकरी उत्तम कणीस बियाण्यासाठी राखून ठेवतो. इथे उत्तम तेवढे कापून नेले आणि बियाण्याला उरले ते निकृष्ट!

आपल्या देशाच्या कायद्याने वेगळी वाट धरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवान्याने शिकारीची सोय होती. पण खास परवानगीखेरीज पिल्ले, माद्या आणि मखमलीतल्या शिंगांचे हरीण मारू नये, असे बंधन होते. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. मखमल डोळ्यांना दिसते, त्यासाठी फीत लागत नाही. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली, आणि मापाचा प्रश्नच मिटला. २०११ साली खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील सांबराच्या शिंगांना आज फीत लागत नाही.

हे सारे वाचल्यावर एके दिवशी मी घरचे शिंग काढले आणि शिंप्याची फीत लावली. बाहेरच्या वळणाने ११ इंच, आणि फाटे दोनच. पुरत्या वाढलेल्या सांबराचे शिंग तीन फुटांच्याही वर जाते. म्हणजे आज्जांच्या समोर पडलेला तो नर फार तर तीन वर्षांचा असावा. शिकाऱ्याने तोंड का वाकडे केले, ते मला त्या दिवशी कळले.

दुसरीही एक गोष्ट कळली. असे शिंग घरी ठेवायचे तर त्याची नोंद लागते.  आमच्या घरी कुणाला त्याची कल्पना नव्हती. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग पोरांस्नी खोकला झाला तर काय लावायचं?" मी म्हटले, "आई, ते हाडच की. डॉक्टरकडं नेऊया." ती काही वेळ गप्प बसली. मग स्वतःच उठून तिने ते स्वच्छ फडक्यात बांधून दिले. लेखी अर्जासह मी ते वनखात्याच्या स्वाधीन केले.

फडताळातली ती जागा आता रिकामी आहे. सहाण मात्र आहे. आई तिच्यावर हळकुंड उगाळते. विद्यार्थिमित्रांनो, कोणताही नियम वाचाल तेव्हा तो काय मोजतो एवढेच पाहू नका. ते माप केव्हा हाती येते, आधी की नंतर, हेही विचारा. आमच्या आज्जांना शाळेची पायरी ठाऊक नव्हती, पण हा प्रश्न त्यांना सुचला होता.