यंत्रमागावरील गटरचना : अहमदाबादचा प्रयोग

नवे यंत्र आले म्हणजे उत्पादन आपोआप वाढते, हा समज अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये १९५३ साली कसोटीस लागला. तेथील एका खात्यात २२४ स्वयंचलित माग चालत होते; तथापि माल अपेक्षेइतका निघेना व कापडातील दोषही कमी होईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी या स्थितीचे कारण कामाच्या वाटणीत शोधले.

खात्यातील काम १२ प्रकारच्या कामगारांत विभागलेले होते. विणकराकडे सुमारे ३० माग, तर कांड्या भरणाऱ्याकडे सुमारे ५०. अशा विषम वाटणीमुळे दोघांचे कार्यक्षेत्र कधीच जुळत नसे. एकाच मागावर अनेकांचे हात पडत, परंतु त्याची जबाबदारी एकाही समूहाकडे नसे. शेजारी काम करणारा मनुष्य सहकारी होऊ शकत नव्हता.

ठराविक माग एका लहान गटाकडे सोपवावेत, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली व आपापले गट स्वतःच बनविले. आरंभीच्या अडचणी ओसरल्यावर उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले.

एरिक मिलर यांनी १९७० मध्ये केलेल्या पुनर्पाहणीत मात्र संमिश्र चित्र दिसले. साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धती बव्हंशी टिकून होती. स्वयंचलित मागांवर ती बरीच विरली होती. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, गटाला दिलेली स्वायत्तता व्यवस्थापनाने सतत जपली, तरच ती टिकते.