दाबाखालचे ग्लायसिन

डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिने मिळतात हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ही प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतील सर्वांत लहान म्हणजे ग्लायसिन. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली ते जिलेटिनपासून वेगळे काढले. पांढरे, चवीला गोड असे हे स्फटिक जबरदस्त दाबले तर काय होते, ते येथे सांगावयाचे आहे. आम्ही कलाशाखेचे, परंतु समजून घेतल्यावर विषय वाटला तितका अवघड राहिला नाही.

प्रथम दाब कसा देतात ते पाहू. अंगठ्याने दाबले तर कातडीला काही होत नाही, तेवढ्याच जोराने टाचणी मात्र रुतते. जागा जितकी लहान तितका दाब अधिक. म्हणून दोन हिऱ्यांची सपाट केलेली टोके समोरासमोर ठेवतात, मध्ये बारीक छिद्र पाडलेला धातूचा पत्रा ठेवतात आणि त्या छिद्रात द्रवात बुडवलेला स्फटिक ठेवून स्क्रू आवळतात. सोबतच्या माणकाच्या कणावरून दाब मोजतात. हिरा पारदर्शक असल्याने आत प्रकाश सोडता येतो. १९२८ साली सर सी. व्ही. रामन यांनी दाखविलेल्या परिणामाच्या आधारे, परत येणाऱ्या प्रकाशावरून रेणूंची कंपने कळतात.

स्फटिकातील ग्लायसिनच्या रेणूचे एक टोक धनभारित व दुसरे ऋणभारित असते. शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. मौज अशी की हेच रेणू नेहमीच्या हवेच्या दाबाला तीन तऱ्हांनी रचलेले सापडतात. त्या रूपांना अल्फा, बीटा व गॅमा म्हणतात. रेणूत तिळमात्र फरक नाही, फरक आहे तो रचनेत.

आता दाब वाढवा. बीटा रूप ०.७६ गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे साडेसात हजार पटींना, आपली रचना बदलते आणि दाब सैल होताच मूळपदावर येते. गॅमा रूपात रेणूंच्या मळसूत्री साखळ्या असतात. सुमारे ३ गिगापास्कलच्या आसपास त्या मोडून थर बनू लागतात. या नव्या रूपाचे नाव एप्सिलॉन. दाब उतरवताना हे रूप सरळ गॅमाकडे न परतता मध्येच आणखी एक, झीटा नावाचे रूप घेते. चढण्याची वाट एक आणि उतरण्याची दुसरी!

अल्फा मात्र ढिम्म. आपल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी ते २३ गिगापास्कलपर्यंत दाबले. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पटींनाही त्याची रचना टिकून होती. त्यात रेणूंचे थर जोडीजोडीने असतात. ते जवळ सरकतात, पण मांडणी मोडत नाही.

हे निव्वळ कुतूहल नव्हे. औषधाच्या गोळ्या दाबूनच बनवतात आणि स्फटिकाचे रूप बदलले तर औषध विरघळण्याचा वेगही बदलू शकतो.

अशी माहिती वाचली की 'हे तर बुद्धांनी आधीच सांगितले होते' असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो रुचत नाही. भगवंतांनी कालामांना सांगितले ते निराळेच: परंपरा आहे, ग्रंथात आहे वा गुरू म्हणतात म्हणून मानू नका. त्याचे एक उदाहरण याच विषयात आहे. अ‍ॅलानिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची रचना २.३ गिगापास्कलच्या सुमारास बदलते, असे २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे २००८ साली क्ष-किरणांच्या अभ्यासातूनही तसाच निष्कर्ष निघाला. रशियातील संशोधकांनी मात्र पुन्हा बारकाईने मोजमाप केले आणि २०१० साली दाखवून दिले की त्या सुमारास स्फटिकाच्या घटक-पेटीच्या दोन बाजूंची लांबी केवळ योगायोगाने सारखी होते. आतली रचना जुनीच राहते.