पीक कापणी प्रयोगातील कडेचे ताट

पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, याचा निर्णय बहुतांशी पीक कापणी प्रयोगावर अवलंबून असतो. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून तर हाच भरपाईचा मुख्य आधार ठरला आहे. तेव्हा हा प्रयोग होतो कसा, हे शेतीशी थेट संबंध नसलेल्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

शेताची व त्यातील जागेची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निःपक्षपातीपणे करायची, सामान्यतः पाच मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा, त्यातील पीक कापून, मळून दाणे तोलायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचे, अशी ही रीत आहे. एका हेक्टरात असे ४०० चौकोन मावतात. म्हणजे काट्यावरील एका किलोची चूक हेक्टरी ४ क्विंटलांची होते! अनेक प्रयोगांच्या सरासरीत अशा चुका परस्परांना छेद देतात हे खरे. परंतु सर्वांची चूक एकाच दिशेने होत असेल तर सरासरी ती केवळ झाकून ठेवते.

या एकाच दिशेच्या चुकीकडे लक्ष वेधले ते सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. बंगालमध्ये महालनोबीस फार लहान तुकडे घेऊन पाहणी करीत असत. अशा तुकड्यांत उत्पादन वाजवीपेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. दोरीवर आलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी. तो वाद संख्याशास्त्रज्ञांचा होता. आज तेच ताट शेतकऱ्याच्या भरपाईतून वजा होते.

ओलाव्याचेही तसेच. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले तर सुमारे ९३ किलोच भरते. परतीच्या पावसात ओला दाणा तोलून तीच नोंद कायम केली, तर पाणीच उत्पादन म्हणून मोजले जाते.

आता उपग्रहाचा आधार आला आहे. २०२३ च्या खरिपापासून भाताच्या अंदाजात अशा तंत्राला किमान ३० टक्के भार देण्याचे केंद्राने ठरविले. परंतु उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, दाण्याचे वजन दिसत नाही. ते त्याला शिकवावे लागते याच प्रयोगांच्या आकड्यांवरून. म्हणून प्रयोगाचा दिवस गावाला आधी कळविणे, वजन व ओलावा शेतकऱ्यांसमक्ष नोंदविणे आणि तो आकडा त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, एवढे तरी सक्तीचे करावे. त्याला फारसा खर्चही येणार नाही.