हौशी गळाला लागलेल्या माशांचा हिशेब
पाहणीचे शास्त्र : लेखांक ९

विक्रीसाठी धरलेली मासळी बंदरावर उतरते, काट्यावर चढते आणि खरेदीदाराच्या वहीत तिची नोंद होते. हौसेने गळ टाकणाऱ्याचा मासा यांपैकी कुठेच जात नाही. तो घरच्या तव्यावर जातो, नाहीतर पुन्हा पाण्यात सोडला जातो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशा हौशी लोकांची संख्या लाखोंत आहे आणि काही जातींचे मासे मच्छीमारांइतकेच तेही काढतात. मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपर हा तांबोशीच्या कुळातला मासा. त्याच्या मंजूर कोट्यापैकी ४९ टक्के वाटा हौशी मासेमारीचा आहे. तो वाटा संपला की नाही, हे पाहणी करूनच ठरवावे लागते.

अमेरिकेत अशी राष्ट्रीय पाहणी १९७९ मध्ये सुरू झाली. तिचा हिशेब दिसायला सोपा आहे. दोन महिन्यांत मासेमारीच्या एकूण फेऱ्या किती झाल्या आणि दर फेरीमागे मासे किती मिळाले, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. पहिला आकडा घरोघरी विचारून मिळतो, दुसरा किनाऱ्यावर. दोन्हीकडे नमुना निवडताना वेगवेगळ्या अडचणी येतात, आणि एका आकड्यातली चूक गुणाकारामुळे संपूर्ण उत्तरात उतरते.

किनाऱ्यावरचे काम असे चालते : बोटी पाण्यातून वर घेण्याच्या रॅम्पवर प्रगणक उभा असतो. बोट परतली की तो विचारपूस करतो, बर्फाच्या पेटीतले मासे मोजपट्टीवर ठेवून लांबी घेतो, वजन करतो. एवढा भाग डोळ्यांसमोरचा. पाण्यात सोडून दिलेल्या माशांची जात आणि संख्या मात्र सांगणाऱ्याच्या आठवणीवर सोडावी लागते. खोल पाण्यातून वर ओढलेले रेड स्नॅपर सोडल्यानंतरही बऱ्याचदा मरतात, म्हणून तो आकडाही महत्त्वाचा असतो.

कोणत्या दिवशी, कोणत्या रॅम्पवर उभे राहायचे, हे सोडतीने ठरते. पूर्वी नेमलेल्या जागी कोणी भेटले नाही, तर प्रगणकाला वर्दळीच्या दुसऱ्या जागी जाण्याची मुभा होती. त्यामुळे मुलाखती वाढत, पण कोणती फेरी नमुन्यात येण्याची शक्यता किती होती, हे सांगता येईनासे होई. ती शक्यता माहीत नसेल तर नमुन्यावरून एकूण संख्या काढता येत नाही. २०१३ मध्ये ही मोकळीक काढून घेतली गेली, वेळा ठरवून दिल्या आणि रात्रीची मासेमारीही नमुन्यात घेतली. तरी खासगी धक्के बाहेरच राहतात. फ्लोरिडात अनेक घरांच्या मागेच धक्का असतो आणि तिथे प्रगणकाला प्रवेश नसतो. तिथली मासेमारी सार्वजनिक रॅम्पवरच्यासारखीच आहे, असे गृहीत धरावे लागते.

नदीकाठी किंवा तलावाकाठी फिरत मुलाखती घेतल्या, तर वेगळाच कल येतो. आठ तास बसलेला माणूस भेटण्याची शक्यता दोन तास बसलेल्यापेक्षा चौपट असते. वर्षातून तीस वेळा गळ घेऊन निघणारा एकदाच येणाऱ्यापेक्षा नमुन्यात सहज सापडतो. अशा वेळी प्रत्येक उत्तराला त्याच्या शक्यतेच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावा लागतो, नाहीतर सराईतांचीच कहाणी सर्वांची म्हणून नोंदली जाते.

घरोघरच्या पाहणीचा प्रश्न यादीचा आहे. सुरुवातीला किनारी जिल्ह्यांतल्या घरांना दूरध्वनी केले जात. पुढे मोबाइल आले आणि घरचे फोन गेले. २००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या पद्धतीतल्या उणिवा स्पष्टपणे मांडल्या. परवानाधारकांची यादीही पुरी पडत नाही, कारण अनेक राज्यांत मुलांना आणि वृद्धांना परवाना लागत नाही. म्हणून २०१८ पासून टपाल पत्त्यांवरून निवडलेल्या घरांना छापील प्रश्नावली जाते. मासेमारी न करणारेही उत्तर देतील, म्हणून तिच्यात हवामान आणि बाहेरच्या फिरण्याविषयीही प्रश्न असतात. नव्या पद्धतीने फेऱ्यांचा अंदाज कित्येक पटींनी वाढला. मासे तेवढेच होते, बदलली होती मोजण्याची रीत. मग जुन्या वर्षांचे आकडेही नव्या मापात बसवावे लागले.

इतके करूनही आठवण दगा देते. आधीची फेरी 'गेल्या दोन महिन्यांतली' म्हणून सांगितली जाते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत वर्षभराचा प्रश्न आधी आणि अलीकडच्या फेऱ्यांचा नंतर विचारला. तेव्हा किनाऱ्यावरच्या व खासगी बोटींवरच्या मासेमारीचे अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी कमी आले.

शेवटची अडचण दुर्मीळतेची. क्वचित गळाला लागणारी जात वर्षभरात मोजक्याच मुलाखतींत दिसते, आणि भार देताना एकाच पेटीतले दोन मासे हजारोंवर जातात. म्हणून ज्या अंदाजाची प्रमाण त्रुटी ५० टक्क्यांहून जास्त असते, तो वापरण्याची शिफारस ही पाहणी चालवणारी संस्थाच करत नाही. छोट्या हंगामाचेही तसेच. २०१७ मध्ये आखातातील केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यात खासगी हौशी मासेमारांसाठी रेड स्नॅपरचा हंगाम आधी फक्त तीन दिवसांचा जाहीर झाला होता, नंतर तो वाढवला गेला. दोन-दोन महिन्यांच्या मापाने तीन दिवसांची धांदल नीट मोजता येत नाही. लुईझियाना आणि अलाबामा यांनी २०१४ मध्येच आपापल्या स्वतंत्र नोंदी सुरू केल्या होत्या, त्यामागे हीच गरज होती.

या सगळ्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. नमुना लहान असेल तर मुलाखती वाढवून अंदाज सुधारतो. पण जो माणूस नमुन्यात येऊच शकत नाही, त्याची उणीव हजारो जादा मुलाखतींनीही भरून निघत नाही. आकडा कमी आला तर समुद्र रिकामा होतो, जास्त आला तर प्रामाणिक माणसाचा हंगाम विनाकारण बुडतो. म्हणून रॅम्पवर प्रगणकाने विचारले, तर 'आज काहीच मिळाले नाही' हे उत्तरही द्यायला हवे. भरलेल्या पेटीइतकीच रिकाम्या पेटीचीही नोंद व्हावी लागते.