हजारात सोळा

रक्तदाब मोजायच्या काही डिजिटल मशीनवर आकड्यांच्या शेजारी एक चिमुकलं हृदय लुकलुकतं. ठोके अनियमित पडताहेत, एवढाच त्याचा अर्थ. आदिलाबादकडच्या एका आशाताईंनी सहज सांगितलं, की ती खूण दिसली की त्या मशीनचे सेल बदलतात. ते ऐकल्यावर मी पैनगंगेकाठच्या एका उपकेंद्रावर तपासणीच्या दिवशी जाऊन बसलो.

वजन, कमरेचा घेर, दंडाला पट्टा, बोटाला सुई. तिशीपुढच्या माणसांची रांग भराभर सरकत होती. आशाताईंच्या फॉर्मवर तंबाखू, दारू, घरात कुणाला बीपी-शुगर, सगळं विचारलेलं असतं. नाडीचा रकाना नाही.

एका पन्नाशीच्या बाईंच्या वेळी मशीन दोनदा अडलं आणि तिसऱ्यांदा हृदय लुकलुकलं. ‘‘चढावर दम लागते बाप्पा, बाकी काही नाही,’’ त्या म्हणाल्या. आशाताईंचा हात सेलकडे गेला होता, तेवढ्यात सिस्टर उठून आल्या. निवृत्तीला आलेल्या, मनगटावर अजून काट्यांचं घड्याळ. तीन बोटं नाडीवर ठेवून पुटपुटत मोजू लागल्या. मध्येच थांबल्या, परत पहिल्यापासून मोजायला लागल्या. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक दुबळा, मग तीन घाईत. ‘‘आम्हाला शिकताना पूर्ण एक मिनिट मोजायला लावायचे,’’ त्या मला म्हणाल्या. त्या मिनिटात रांगेत कुरकुर सुरू झाली. सिस्टरनी वर पाहिलं नाही.

वैद्यकीय अधिकारी तरुण होते. ‘‘हजारात सोळा,’’ ते म्हणाले. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या 50 गावांत चाळिशीपुढच्या दोन हजारांवर माणसांचा मोबाइलला जोडायच्या छोट्या यंत्रावर ईसीजी काढला होता. तिथे शंभरात 1.6 जणांना हा विकार निघाला. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली की लकवा. धोका साधारण पाचपट.

आता हजारात सोळांचा हिशेब मांडू. जुन्या चाचण्यांत औषधाविना अशा शंभर रुग्णांपैकी चार-पाच जणांना दरवर्षी लकवा होई; वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने तो जवळपास दोन तृतीयांश कमी होतो. म्हणजे हजार माणसं तपासली, सोळा सापडली, सोळांनीही रोज गोळी घेतली, तर दोन वर्षांत एक लकवा टळेल. ऐकायला थोडं वाटतं. पण इथल्या घरात एक लकवा म्हणजे दोघांची मजुरी बंद, पडलेल्याची आणि त्याला उचलणाऱ्याची.

सिडनीत औषधदुकानांमध्ये 65 वर्षांपुढच्या हजार ग्राहकांची अशी तपासणी झाली होती. 2014 साली तिचा हिशेब छापून आला: धड आयुष्याचं एक वर्ष वाढवायला 5,988 ऑस्ट्रेलियन डॉलर. त्या देशाच्या मापाने स्वस्तच. स्वीडनने 75-76 वर्षांच्या लोकांना घरी पत्रं धाडून बोलावलं. निम्मेच आले, आणि न आलेल्यांत जास्त आजारी माणसं होती. फायदा दिसला, पण जेमतेम.

यातलं काहीही जसंच्या तसं उचलून आदिलाबादला आणू नये, असं माझं मत त्या दुपारी पक्कं झालं. भारतातल्या या विकाराच्या रुग्णांची जी नोंदवही 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सरासरी वय 55 च्या आत आहे आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या मुळाशी ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. लहानपणी घसा सुजला, सांधे धरले, तेव्हा उपचार झाला नाही आणि झडप आखडत गेली. पासष्टीची अट घातली तर दम लागणाऱ्या त्या बाई आणखी पंधरा वर्षं यादीबाहेर.

ईसीजीने सिस्टरच्या बोटांना दुजोरा दिला. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप बराच वेळ धरला. झडपेचा आवाज येत होता. अशा आखडलेल्या झडपेच्या रुग्णांना नव्या, रक्ततपासणीची कटकट नसलेल्या गोळ्या चालत नाहीत; 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुनं वॉरफरिनच सरस ठरलं. वॉरफरिन स्वस्त आहे, पण ते घ्यायचं तर आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा आकडा, 2 ते 3 च्या मध्ये राहतोय का हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. कमी पडला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव.

‘‘किती डाव याव लागन?’’ बाईंनी विचारलं.

‘‘सुरुवातीला आठवड्याला, मावशी. मग महिन्याला,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘कापूस वेचाच्या दिवसात मले नाही जमत.’’

तपासणीच्या खर्चाचा खरा आकडा इथे आहे. नाडी पाहायला एक मिनिट आणि एक घड्याळ लागतं. सोळा माणसं सापडतील. त्यानंतर सोळा जणांचं बसभाडं आणि बुडालेला रोज, महिन्यामागून महिना, जन्मभर. हातात धरायच्या ईसीजी यंत्रांची मोठी खरेदी करून उद्घाटनाचा फोटो काढणं सोपं आहे. मला विचाराल तर आधी फॉर्मवर नाडीचा एक रकाना छापा. आणि आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गाडीने नेण्याची जी सोय 2021 मध्ये आदिलाबादपर्यंत आली, त्या गाडीत आयएनआरची नळी नेमाने चढेल एवढं बघा, वेचणीच्या हंगामातसुद्धा.