रक्तदाब आणि मूत्रपिंडे : एक अनोळखी नाते

रक्तदाबाच्या रुग्णास आम्ही मूत्रपिंडांची तपासणी सुचवतो, तेव्हा नातेवाईक बहुधा विचारतात, "लघवीचा काहीच त्रास नाही, मग ही तपासणी कशासाठी?" या रास्त प्रश्नाचे उत्तर द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जेमतेम दीड-दोन लिटर मूत्रावाटे बाहेर टाकतात. उरलेले पाणी व मीठ रक्तात परत घेतले जाते. किती परत घ्यावे, यावर रक्ताचे आकारमान आणि पर्यायाने रक्तदाब अवलंबून असतो.

यात संप्रेरकांचा वाटा मोठा आहे. भर वैशाखात लालबागच्या रस्त्यावर हातगाडी ओढणाऱ्या श्रमिकाच्या शरीरातून घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. रक्तदाब उतरू लागताच मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्याच्या क्रियेतून पुढे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, तसेच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन स्रवण्यास उद्युक्त करते. अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ राखते, तर पीयूषिका ग्रंथीतून येणारे व्हॅसोप्रेसिन पाणी राखते. तहानही लागते आणि शरीराचा तोल सावरतो.

मात्र हीच तारक यंत्रणा गरज नसताना कार्यरत राहिली, तर मारक ठरते. मूत्रपिंडे दुर्बळ झाली की मीठ साचते व रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आणखी इजा करतो. हे दुष्टचक्र वेदनेविना वर्षानुवर्षे चालू शकते.

रक्तदाबावरील उपचारांच्या इतिहासात आपल्या परळचेही नाव आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीच्या उपयोगाविषयीचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. सर्पगंधेचा परिणाम मुख्यतः मज्जातंतूंमार्फत होतो. पुढे ब्राझीलमधील एका सापाच्या विषावरील संशोधनातून अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारे कॅप्टोप्रिल हे औषध साकारले; १९८१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. याच वर्गातील औषधे आज अनेक रुग्णांच्या रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडांचेही रक्षण करतात.

म्हणून रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची विनंती आहे. "बरे वाटते" म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. जुलाब-उलट्या होत असल्यास मात्र गोळ्यांविषयी त्वरित डॉक्टरांना विचारावे. वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. पापड, लोणचे, सुकी मासळी यांसह दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. 'कमी सोडियमचे' मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते.

दात्यांच्या औदार्यातून मिळणारे डायलिसिस यंत्र एखाद्या कुटुंबाचा आधार होते, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. तथापि, वेळीच केलेली लघवीची साधी तपासणी अनेकांना त्या यंत्रापर्यंत जाऊच देत नाही. अशा तपासणीसाठी दिलेली देणगी दृष्टीस पडत नाही, पण ती तितकीच मोलाची असते.