विश्लेषण : मित्रांचा सिनेमा तालुक्याच्या थिएटरात किती दिवस टिकतो?

एप्रिल २०२३ च्या अखेरीस एक व्हिडिओ महाराष्ट्रात घराघरांतील मोबाइलवर फिरला. पिंपरी-चिंचवडमधील एका थिएटरात पडद्यासमोर उभा असलेला दिग्दर्शक बोलता बोलता रडू लागतो. शेजारी त्याच्या चित्रपटाचे नायक-नायिका, दोघेही नवखे, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. दिग्दर्शक होते भाऊराव कऱ्हाडे आणि चित्रपट ‘टीडीएम’. प्रेक्षक विचारत आहेत, पण शो मिळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

शिरूर आणि दौंडच्या वाचकांना हा माणूस परका नाही. शिरूरला घोड नदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि श्रीगोंदा तालुक्यातील गव्हाणेवाडी लागते. कऱ्हाडे तिथले. बाजार शिरूरचा, बोली घोडनदीची, जिल्हा तेवढा दुसरा. त्यामुळे त्यांचा चित्रपट लागतो तेव्हा या पट्ट्यात ‘आपल्या पोरांचा पिक्चर’ लागतो. आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. वर्गातील चार मित्र मिळून शाळा-कॉलेजातील प्रेमाची आणि भांडणाची गोष्ट चित्रित करतात आणि बाकीचे चाळीस ती पाहायला जातात. असा चित्रपट पाहणे म्हणजे नेमके काय, आणि तो आपल्या गावात किती दिवस राहतो, हे कोण ठरवते?

मित्राचा सिनेमा पाहताना अडचण काय होते?

पहिली अडचण अशी, की पात्र दिसतच नाही. पडद्यावर नायक येतो आणि थिएटरात कोणीतरी त्याचे घरातले नाव घेऊन ओरडतो. तो नायिकेला चिठ्ठी देतो तेव्हा आपल्याला आठवते, की याला खऱ्या आयुष्यात दुकानातून वहीसुद्धा मागता येत नव्हती. हशा चुकीच्या जागी येतो. गंभीर प्रसंगात शिट्टी पडते. मागे कोणाचा गोठा आहे, मोटारसायकल कोणाची आहे, पाहुण्यांच्या भूमिकेत कोणाचे चुलते बसले आहेत, हे ओळखण्यात पहिला अर्धा तास जातो.

हा आनंद खरा आहे. उसाचा फड, गुऱ्हाळाचा धूर, रांजणगावच्या एमआयडीसीत पहाटे कामगार घेऊन जाणारी बस, दौंड जंक्शनवरचा पूल हे सगळे वर्षानुवर्षे फक्त खिडकीतून पाहिलेले असते. ते मोठ्या पडद्यावर आले की आपले रोजचे जगणे कोणीतरी दखल घेण्याजोगे मानले, असे वाटते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला हे कळणे अवघड आहे, कारण त्याची गल्ली पडद्यावर नेहमीच असते.

पण बाहेर आल्यावर मित्र विचारतो, ‘कसा वाटला?’ आणि चाळीसही जण सांगतात, ‘भारी!’ त्याला याचा काडीचाही उपयोग नसतो. त्याला कळायला हवे असते, की मध्यंतरानंतर लोक मोबाइल का काढत होते, नायिकेला पूर्ण गोष्टीत स्वतःचे असे काही काम का नव्हते, शेवट कोणाला कळला आणि कोणाला नाही. ओळखीच्या प्रेक्षकांनी भरलेल्या पहिल्या खेळात हे दिसत नाही. ते दिसते ओळख नसलेल्यांच्या खेळात, म्हणजे रविवारी किंवा सोमवारी. म्हणून जमले तर असा चित्रपट दोनदा पाहावा. एकदा मित्रांबरोबर, गोंधळ घालत. आणि एकदा गुपचूप मागच्या रांगेत बसून, अनोळखी लोकांकडे लक्ष ठेवत.

आवाजावरून गाव कसे ओळखू येते?

नवख्या चित्रपटाचे चित्र बहुतेक वेळा बरे असते. मार खातो तो आवाजात. चित्रीकरणावेळी वारा, ट्रॅक्टर, भोंगा यांनी संवाद बिघडतात. मग खोलीत बसून ते पुन्हा बोलून घेतले जातात आणि रानात उभा असलेला मुलगा बंद खोलीतून बोलतोय असे वाटू लागते. बोलीही तिथेच हरवते, कारण माइकसमोर बसले की माणूस नकळत पुस्तकातले बोलतो.

इथे ‘ख्वाडा’ आठवावा लागतो. ख्वाडा म्हणजे अडथळा, खोडा. मेंढपाळ कुटुंबाच्या भटकंतीची ही गोष्ट कऱ्हाडे यांचा पहिला चित्रपट. त्यासाठी त्यांनी जमीन विकली, ही हकिकत तेव्हा बरीच छापून आली होती. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. तितकीच महत्त्वाची आणि कमी चर्चा झालेली बाब म्हणजे त्याच वर्षीचा चित्रीकरणस्थळावरील ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना मिळाला. हा पुरस्कार ज्या चित्रपटांत आवाज चित्रीकरणाच्या वेळीच, जागेवर टिपला जातो, त्यांनाच मिळतो. मेंढरांची खुरे, माळावरचा वारा, बापाचे खेकसणे हे सगळे तिथलेच होते. कमी पैशात चित्रपट करणाऱ्या पोरांनी ड्रोनच्या भाड्याआधी एक चांगला माइक आणि तो धरणारा शहाणा माणूस शोधावा, असे आमचे मत आहे.

दौंडहून रेल्वेने सोलापूरकडे निघाले की भिगवणनंतर जेऊर लागते, पुढे केम. नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांच्या ‘फॅण्ड्री’तील जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, केमचा, त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ करमाळ्यात घडला आणि त्यातील रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी. म्हणजे कुमारवयातील प्रेमाचे आणि अपमानाचे मराठीतील दोन ठळक चित्रपट आपल्याच रेल्वेमार्गाच्या आसपासचे आहेत. दोन्हींत बोली सांभाळलेली आहे, आणि दोन्ही ती बोली न बोलणाऱ्यांनीही पाहिले.

मग शो ठरवते कोण?

पूर्वी चित्रपटाची रिळे डब्यांतून एसटीने किंवा रेल्वेने यायची. एक प्रत महाग पडायची, त्यामुळे छोट्या गावाला चित्रपट उशिरा मिळायचा. पण एकदा डबा आला, की तो आठवडाभर तरी चालायचा. आता चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो आणि ठरावीक पडद्यावर, ठरावीक मुदतीतच उघडेल अशी डिजिटल किल्ली त्याला असते. याचा फायदा असा, की शिरूर, दौंड आणि दादरला चित्रपट एकाच सकाळी लागू शकतो. तोटा असा, की शनिवारी दुपारी थिएटरवाल्याला वाटले, तर संध्याकाळचा खेळ बदलायला त्याला फार काही करावे लागत नाही. डबा परत पाठवायचा नसतो.

हा निर्णय तो गर्दी पाहून घेतो. शुक्रवारचे पहिले दोन खेळ रिकामे गेले की शनिवारी एक खेळ कमी होतो आणि उरलेला सकाळी साडेनऊला जातो. सकाळी साडेनऊला कॉलेजचा मुलगा कॉलेजात असतो, कामगार पहिल्या पाळीत आणि शेतकरी रानात. मग गर्दी आणखी घटते आणि तोच आकडा दाखवून तो खेळही जातो. मराठी सिनेमावर अन्याय होतो, ही तक्रार अनेकदा खरी असते. पण ती अर्धी गोष्ट आहे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत ‘रविवारी बघू’ म्हणणारे आपण असतो.

पहिल्या आठवड्याला एवढे वजन का, हे पैशांच्या वाटणीवरून कळते. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये दोन महिने संप चालला. त्यानंतरच्या तडजोडीत निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. प्रत्येक चित्रपटाचा करार वेगळा असतो, पण उतरता क्रम हाच. म्हणजे आपण तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या तिकिटातून मित्राच्या हाती कमी पडते.

सरकारचे नियम आहेतच. मल्टिप्लेक्सनी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा, असे एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाले. विरोध झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी रुंदावली. शिवाय कोणता मराठी चित्रपट, हे नियमात नाही. दोन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी आले तर मोठ्या नावाचा लागतो.

‘टीडीएम’चे नेमके तेच झाले. २८ एप्रिल २०२३ ला तो आला, त्याच दिवशी ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि मणिरत्नम यांचा ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग आला. तारीख तशी विचार करून निवडलेली वाटते: एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, परीक्षा संपलेल्या, जत्रांचे दिवस, पोरांच्या हातात वेळ. ‘सैराट’ही २९ एप्रिललाच आला होता, २०१६ मध्ये. पण चांगली तारीख सगळ्यांनाच चांगली दिसते.

शाळकरी मुलांना घेऊन चित्रपट करताना नियम काय?

चौदा वर्षांखालील कलाकार असेल तर २०१७ चे केंद्राचे नियम लागू होतात. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मुलाच्या मोबदल्यातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची. ‘मित्रच तर आहोत’ म्हणून हे सुटत नाही. अभ्यासाचे नुकसान हा प्रश्न वेगळाच. ‘सैराट’नंतर रिंकू राजगुरूला गर्दीमुळे नेहमीप्रमाणे शाळेत जाणे अवघड झाले आणि तिने दहावी बाहेरून दिली.

थिएटरात किंवा गावात तिकीट लावून पडद्यावर दाखवायचे तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. २०२४ पासून ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले. ‘ए’ मिळाले तर अठरा वर्षांखालील कोणालाही आत सोडता येत नाही. दहावीच्या वर्गावरच्या गोष्टीत मारामारी आणि शिव्या बेसुमार भरल्या, तर ज्यांनी ती पाहावी तेच बाहेर राहतात.

आणखी एक नियम प्रेक्षकांसाठी. पडद्यावरचा तीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवणे आपल्याकडे कौतुक समजले जाते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय असे चित्रण केले तर तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. मित्राच्या नायकपणाचा पुरावा हवाच असेल तर तिकिटाचा फोटो ठेवावा. तो त्याला जास्त कामाचा आहे.

यूट्यूब असताना थिएटर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. शेजारच्या बारामती तालुक्यातील कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही मालिका गावातील माणसांनी यूट्यूबवरच मोठी केली. तिथे प्रमाणपत्र नाही, शो नाही, साडेनऊची वेळ नाही. लघुपटासाठी, पहिल्या प्रयत्नासाठी तीच जागा योग्य. मोठ्या लांबीच्या चित्रपटाला मात्र थिएटरात लागल्यावरच टीव्ही आणि ओटीटीकडून बरी किंमत मिळते. राज्य सरकारच्या योजनेत ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपये अनुदान आहे. ते मिळेपर्यंतचे व्याज मात्र ज्याने जमीन किंवा दागिना मोडला त्यालाच भरावे लागते.

कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ २०१५ च्या दसऱ्याला आणला होता. ‘बबन’, दूधधंद्यात जम बसवू पाहणाऱ्या कॉलेजच्या पोराची गोष्ट, २३ मार्च २०१८ ला. दोन्हींत नायक भाऊसाहेब शिंदे. दोन्ही चित्रपटांना गावाकडच्या प्रेक्षकांनी उचलून धरले. ‘टीडीएम’ मात्र त्यांनी थिएटरांतून काढून घेतला आणि ९ जून २०२३ ला पुन्हा लावला. दुसऱ्याच दिवशी देहूतून तुकोबांच्या पालखीने प्रस्थान ठेवले, आणि पुढच्या आठवड्यात दौंड तालुका यवत आणि वरवंडच्या मुक्कामांच्या तयारीत होता.